फाटकावरचं पांढरं फडकं

तालमीत मावशीचं घर नेहमी पहिलं यायचं. उन्हाळा तापला की टेकडीवरच्या त्या गल्लीत वणव्याची तालीम व्हायची, आणि घर सोडून खालच्या चौकात कोण आधी पोचलं, कोण रेंगाळलं, यावर पुढे आठवडाभर टोमणे चालायचे. मावशी खरं तर कोणाचीच मावशी नव्हती. ती शाळेची दप्तरं शिवायची आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांच्या पाठीवर तिच्या हातची शिवण होती, म्हणून ती सगळ्यांची मावशी.

फडक्यांची कल्पनाही तिचीच. घर सोडताना फाटकाला पांढरं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की मदतीला आलेल्यांनी आत कोणी नाही असं समजायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं. तिने स्वतः फडकी शिवली, कोपऱ्यांना नाड्या लावल्या, घरोघरी वाटली आणि वर दम भरला, "पक्की गाठ मारा. वाऱ्याने उडालं तर माझ्या नावाने खडे फोडू नका."

तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. पाय गेल्यापासून ते चाकाच्या खुर्चीत बसून तेच काम करत होते. गल्लीचा उतार मात्र असा, की वरून सुटलेलं लिंबू थेट चौकात जाऊन थांबावं. त्या उतारावर भरलेली खुर्ची एकटीने धरणं मावशीच्या दुखऱ्या खांद्याला झेपणारं नव्हतं. म्हणून ठरलेलं होतं, की पाववाल्याने आपली पावाची गाडी दारापर्यंत आणायची आणि घड्याळजींना खुर्चीसकट न्यायचं.

त्या दुपारी मागच्या डोंगरावरून धूर वळला आणि कर्ण्यावरून आवाज आला, "घरं सोडा! आत्ताच सोडा!" मावशीची तयारी कधीचीच झाली होती. पन्हळीतला पाचोळा तिने सकाळीच काढला होता. खिडक्यांचे पडदे उतरवले होते, गॅस बंद केला होता, औषधांची पिशवी दाराशी ठेवली होती. राहता राहिलं फडकं. मागाहून गडबड नको म्हणून तेही तिने फाटकाला बांधून टाकलं, चांगल्या दोन गाठी मारून, आणि घड्याळजींच्या गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळायला ती आत आली.

खालून हॉर्न वाजला. गाडी धुरातून वर आली, फाटकाच्या अलीकडे थांबली, मागे सरकली आणि वळून उताराला लागली. मावशी अंगणात धावली, ओरडली, हात हलवले. गाडीच्या काचा वर होत्या. तिने फोन लावला, तर तो लागेना.

"काय गं, गेला का तो?" घड्याळजींनी आतून विचारलं.

"गेला."

"असा कसा गेला?"

"फडकं बघून गेला."

"कुणाचं फडकं?"

"आपलं," मावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली गेला.

घड्याळजी म्हणाले, "वा! म्हणजे जगाच्या लेखी आपण वाचलो की."

"अहो, चेष्टा सुचते तुम्हाला? आता कोणी येणार नाही वर!"

"मग आपण खाली जाऊ. तुझ्याकडे दप्तरांच्या पट्ट्याचं ते भलंमोठं भेंडोळं आहे ना?"

मावशीने भेंडोळं आणलं. त्या पट्ट्याला पोरं वर्षभर लोंबकळायची, तरी त्याचा धागा निघत नसे. ती ते खुर्चीच्या पाठीला बांधायला लागली तशी तिच्या हातांना जुनी खात्री परत आली.

"हे बघ," घड्याळजी म्हणाले, "भिंतीवरच्या जुन्या घड्याळात काय असतं? खाली जायला निघालेलं एक वजन. त्याला मोकळं सोडलं तर एका दमात आपटेल. म्हणून आतलं चाक त्याला थोडं सोडतं, धरतं. थोडं सोडतं, धरतं. वजन मी होतो, चाक तू हो."

"आणि दात?"

"दात तुझे आहेतच. रोज खातेस की माझ्यावर."

फाटकातून बाहेर पडताना मावशीचा हात रागाने फडक्याकडे गेला. घड्याळजी म्हणाले, "राहू दे. आता ते खरं बोलतंय."

गल्लीत दिव्याचे खांब होते. मावशीने पहिल्या खांबाला पट्ट्याचे वेढे दिले आणि हळूहळू ढील सोडली. खुर्ची कुरकुरत पुढच्या खांबाशी गेली. घड्याळजींनी चाकांची खीळ लावली. मावशी खाली आली, त्या खांबाला वेढे दिले, पुन्हा ढील सोडली. वरून राख पडत होती. अधूनमधून एखादी ठिणगी यायची आणि मावशी ती चपलेने चिरडायची. प्रत्येक फाटकावर तिचंच फडकं होतं, तिच्याच नाड्या होत्या.

"सोड... धर. सोड... धर," घड्याळजी ताल देत होते. "पुढे चाललंय गं घड्याळ तुझं! जरा हळू."

वळणावरचा खांब गुळगुळीत निघाला. वेढा सरकला, पट्टा सरसर पळाला, खुर्ची सुटली. मावशीने दुखऱ्या खांद्याचा विचार केला नाही. पट्टा कंबरेमागून घेऊन ती सरळ रस्त्यावर बसली आणि टाचा खांबाला लावल्या. हिसका बसला, पण खुर्ची थांबली. खालून खीळ लावल्याचा खटका ऐकू आला.

"आहेस का गं?" घड्याळजींचा आवाज पहिल्यांदाच कापरा होता.

"कुठे जाणार? तुम्हाला बांधलेली आहे," मावशी म्हणाली आणि साडी झटकत उठली.

चौकात पाववाला बंबवाल्यांना सांगत होता, "वरची गल्ली रिकामी. शेवटचं फडकं मी स्वतः पाहिलं." एवढ्यात धुरातून आधी खुर्ची आली, मग लांबलचक पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला मावशी.

पाववाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी! अहो, फडकं होतं ना तुमच्या फाटकाला! मी हॉर्नसुद्धा दिला... वाटलं, तुम्हाला कोणीतरी आधीच खाली नेलं."

"तू बरोबर केलंस रे," मावशी म्हणाली, आणि मग चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "चुकले मी! फडकं फाटकाबाहेर पाय पडल्यावर बांधायचं, आधी नाही. ज्याला घाई, त्याने आधी पाय उचलावा, फडकं नव्हे!"

लोक हसले. भीतीने आवळलेले चेहरे जरासे सैल झाले. पाववाला मात्र डोळे पुसत होता. त्याने आणि दोन बंबवाल्यांनी खुर्ची उचलून गाडीत पावाच्या रिकाम्या ट्रेच्या मधोमध ठेवली.

गाडी निघाली. मागच्या काचेतून टेकडी दिसत नव्हती, नुसता धूर दिसत होता. घर राहतं की जातं, ते उद्या कळणार होतं. मावशी पट्टा कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळत बसली. तो कुठेही उसवला नव्हता.

"पुढच्या तालमीत फडकं मी बांधणार," घड्याळजी म्हणाले.

"बांधा की. पण मग आपण शेवटचे येऊ."

"येऊ की शेवटचे," ते म्हणाले आणि पट्ट्याचं सुटं टोक त्यांनी आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं.