बैठकीची गाठ

जिनफूने जेवायची काडी आत सरकवली आणि तिच्या टोकाने पंख्याचं पातं हलकेच ढकललं. पातं फिरलं, अगदी सुरळीत, आणि थांबलं. त्याने दुसऱ्याला ढकललं. तेही फिरलं आणि थांबलं. कॉम्प्युटर तर चालू होता. पडद्यावर बुद्धिबळाचा डाव मांडलेला होता, पंख्यांच्या कडांचे निळे दिवे पेटलेले होते, प्रोसेसरवरचा छोटा पंखाही मुकाट आपलं काम करत होता. पण समोरचे तीन आणि मागचा एक, असे चार मोठे पंखे ढिम्म हलत नव्हते.

"त्या काड्या जेवायच्या आहेत," मैजू स्वयंपाकघरातून म्हणाली. ती रताळ्याच्या पानांचे देठ सोलत बसली होती.

"पंखे बंद आहेत."

"मग चालू कर."

"चालू करूनच बंद आहेत."

"कालपर्यंत तर फिरत होते."

"तेच म्हणतोय मी. कालपर्यंत फिरत होते."

मैजूने हातातलं पान खाली ठेवलं. नवऱ्याचा हा आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता. बाजारातून आणलेला मासा घरच्या काट्यावर पुन्हा तोलताना तो असाच खाली यायचा.

"हे बघ फोरमन," ती म्हणाली, "यंत्र आहे, बिघडतं. वेइलुनला फोन कर, तो येऊन नीट करून जाईल. पण रविवारपर्यंत तुझ्या तोंडाला कुलूप. आपलं ठरलंय."

ठरलं होतं खरं. शूलिन गावातल्या पंख्यांच्या कारखान्यात जिनफूची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. तो तिथे फोरमन होता आणि मैजू त्याच्याच लाइनवर तारा जोडायची. माल पास-नापास करण्याची सवय त्याने नोकरी सुटल्यावरही सोडली नव्हती, फक्त पंख्यांच्या जागी आता माणसं आली होती. त्यांची मुलगी यूफेन, तिच्यासाठी आधी सांगून आलेला एक मुलगा त्याने नापास केला, का, तर त्याच्या बुटांच्या टाचा एकाच बाजूने झिजल्या होत्या. अशा माणसाचा तोल कुठेतरी गेलेला असतो, असं त्याचं म्हणणं. यूफेनला तो मुलगा आवडला होता. त्यानंतर कितीतरी दिवस ती बापाशी कामापुरतंच बोलली, आणि मैजूने तर त्याला सरळ बजावलं, पुन्हा असं केलंस तर मी माझ्या बहिणीकडे राहायला जाईन.

आता यूफेन छत्तीस वर्षांची झाली होती. वेइलुन तंत्रशाळेत शिकवायचा. शांत माणूस, दारू नाही, जुगार नाही, आईला दवाखान्यात स्वतः घेऊन जाणारा. जिनफूने त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि दातांत जीभ धरून गप्प राहिला. रविवारी त्याच्या घरचे रीतसर मागणी घालायला येणार होते. मैजूने नवा झगा शिवून घेतला होता, मोती जडवलेल्या बटणांचा. आणि परवा वेइलुनने होणाऱ्या सासऱ्याला हा कॉम्प्युटर आणून दिला. सुटे भाग जमवून स्वतःच्या हाताने बांधलेला, एका बाजूला अख्खी काच. जिनफूला बुद्धिबळाचं वेड होतं आणि त्याचा जुना कॉम्प्युटर केव्हाच आडवा झाला होता.

पंखेवाल्याच्या घरी आणलेला कॉम्प्युटर, आणि त्यात पंखेच बंद. पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्याने कॉम्प्युटर बंद केला, एक पंखा सोडवून हातात घेतला आणि नाकाशी नेला. जळल्याचा वास नव्हता. आस बोटांत धरून हलवून पाहिला, तो जराही डगडगत नव्हता. पात्यांवर धुळीचा कणसुद्धा नव्हता. जुना माल पुसून नवा म्हणून गळ्यात मारला असावा असं त्याला मनापासून वाटत होतं, पण हात ते मान्य करेनात. पंखा नवाच होता, आणि चांगला होता. त्याने तो परत जागेवर बसवला. म्हणजे लबाडी आणखी आत कुठेतरी असणार.

यूफेन दुपारी जेवायला घरी आली. ती गल्लीच्या टोकाच्या दातांच्या दवाखान्यात काम करायची. पर्स खुर्चीला अडकवता अडकवता तिने कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे पाहिलं.

"काय झालं बाबा?"

"काही नाही," मैजू घाईने म्हणाली. "बाबा खेळतायत."

"पंखे फिरत नाहीत," जिनफू म्हणाला.

"चारही?"

जिनफूने वर पाहिलं. तो फक्त पंखे म्हणाला होता.

"चारही," तो म्हणाला.

यूफेनने भात वाढून घेतला. "मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?"

"नाही, म्हणजे तुम्हाला माल कळतो. बाहेरून चकचकीत आणि आतून असं, म्हणजे..." तिने वाक्य तिथेच सोडलं. "उघडून नीट बघा तरी. तुम्हाला काही खटकलं तर सांगा, एवढंच."

"काही खटकायचं नाहीये त्यांना," मैजू म्हणाली. "खा गपचूप. रविवारी तोंड सुकलेलं दिसायला नको."

जिनफूची काडी ताटावरच थांबली. आपल्या माणसावर शंका घेतली की बायका अंगावर येतात, हा त्याचा जन्माचा अनुभव होता. मैजू अजून तिच्या भावाबद्दल एक शब्द ऐकून घेत नसे. आणि ही पोरगी स्वतःच बापाच्या हातात काठी देत होती. वेइलुनचं काहीतरी हिला कळलंय, त्याने मनाशी ठरवलं. कळलंय, पण सांगायची चोरी. त्याला त्या मुलाचा रागच आला.

यूफेन परत गेल्यावर त्याने वेइलुनला फोन लावला.

"तुझे पंखे बंद पडलेत."

"चारही काका?" वेइलुनच्या मागे पोरांचा गलका चालू होता. "एकदम चारही पंखे जायचे नाहीत. दिवे लागतायत का?"

"दिवे लागतायत. दिव्यांनी हवा येत नाही."

"नाही, ते विचारलं कारण दिव्यांची वायर वेगळी आहे. काका, काचेच्या उलट बाजूचा पत्रा काढा. आत एक काळी डबी चिकटवलेली आहे, चारही पंखे तिथे जोडलेत. तिला वीज एकाच वायरने येते. ती निघाली तर सगळेच बंद होतील."

"म्हणजे तू ढिली बसवलीस."

"नाही हो काका. तिला खटका आहे. मी तो वाजेपर्यंत दाबली होती, तुमच्या घरी आल्यावर पुन्हा तपासली होती. आपोआप निघणार नाही ती." तो म्हणाला. "शाळा सुटली की येऊ का मी?"

"नको," जिनफू म्हणाला.

त्याने पत्रा काढला. मैजू हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती, पण शेजारीण हाका मारत आली म्हणून पुढच्या दारी गेली. काळी डबी सांगितल्या जागी होती. तिची वीज घेण्याची खाच रिकामी होती, आणि वायर तिथे लोंबत नव्हती. ती मागे वळवून, दुमडून, बाकीच्या तारांच्या जुडीत बारीक दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. कोणाच्या सहज नजरेला पडू नये अशी.

सापडला, जिनफू मनात म्हणाला. काढून वर बांधूनही ठेवली. त्याने चष्मा लावला, विजेरी पेटवली आणि गाठ जवळून पाहिली.

मग त्याने बोटाने दोऱ्याचं टोक चाचपून पाहिलं.

यूफेन लहान होती तेव्हा कारखान्याचं काम घरोघरी वाटलं जायचं. संध्याकाळी बैठकीत तारांचे ढीग पडायचे आणि अख्खं घर जुड्या बांधत बसायचं. दोऱ्याचे दोन वेढे, टोक खालून ओढून घ्यायचं आणि उरलेला शेपटा वेढ्यात परत खोचायचा, म्हणजे तो पंख्याच्या पात्यात जात नाही. कारखान्यातल्या बायका तिला बैठकीची गाठ म्हणायच्या. वेइलुन प्लास्टिकच्या पट्ट्या वापरणारा. डब्यातल्या बाकी सगळ्या तारा त्याने तशाच पट्ट्यांनी आवळल्या होत्या. ही गाठ त्याला कोण शिकवणार?

गाठ या घरातली होती.

मैजू डावखुरी होती, तिचा शेपटा नेहमी डावीकडे खोचलेला असायचा. आणि मैजू तर त्या पोराच्या नावाने झगा शिवून बसलेली. हा शेपटा उजवीकडे होता. वायर काढताना यूफेनने सगळा विचार केला असणार, फक्त हातांना बजावायला विसरली. लोंबती तार तशीच सोडणं त्या हातांना कधी जमलंच नव्हतं. लहानपणी तसं केलं की बाप खेकसायचा.

तो खुर्चीवर बसला. समोरचा पडदा बंद होता, सकाळचा डाव अर्धाच राहिला होता.

यूफेन परतली तेव्हा मैजू केस रंगवून घ्यायला गेलेली होती. जिनफू कॉम्प्युटरसमोरच होता. पत्रा काढलेला, विजेरी शेजारी. यूफेनने ते पाहिलं आणि चपला न काढता दारातच उभी राहिली.

"फोन केला होता मी त्याला," जिनफू म्हणाला.

"काय म्हणाला?"

"खटका वाजेपर्यंत दाबली होती म्हणाला. खरं बोलत होता." त्याने घसा साफ केला. "तो मारतो का तुला?"

"काय बोलताय बाबा!"

"दुसरी कोणी बाई आहे? कर्ज?"

"नाही."

"मग दोष काय त्याच्यात?"

यूफेन खाली बसली, तिथेच, उंबऱ्याजवळच्या चपला घालायच्या स्टुलावर.

"काहीच नाही," ती म्हणाली. "तेच तर. चार महिने शोधतेय. त्याच्यासोबत जेवायला जाते तेव्हा घड्याळाकडे बघत असते मी. तो बोलतो, मी हं हं करते. चांगल्या माणसाला नाही म्हणायला तोंड कुठून आणू? हो मीच म्हटलंय, सगळ्यांसमोर. आणि आई... आईला असं हसताना किती वर्षांत बघितलंय तुम्ही?"

"मग मला सांगायचंस."

"तुम्हाला?" ती ओठ वाकडे करून हसली. "तुम्ही या वेळी एक शब्द बोलला नाहीत. मी रोज वाट बघत होते, आज काढतील काहीतरी खुसपट, उद्या काढतील. त्या वेळी नको होतं तेव्हा काढलंत. या वेळी हवं होतं तर गप्प बसलात."

जिनफूने विजेरी उगाच पेटवली आणि विझवली.

"तू आत जा," तो शेवटी म्हणाला. "आई आली की तुला यातलं काही ठाऊक नाही."

यूफेन उठली, आणि जाता जाता त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबली.

त्याने पुन्हा फोन लावला. वेइलुनने पहिल्याच घंटीला उचलला.

"सापडली का काका वायर?"

"रविवारी येऊ नका," जिनफू म्हणाला. "तुझ्या आईशी मी स्वतः बोलतो. माझी या लग्नाला संमती नाही."



"माझं काही चुकलं का?"

"तुझं काही चुकलेलं नाही."

"मग पंख्यांमुळे? मी दुसरे आणतो. यूफेन काय म्हणते?"

"तिला मी विचारलेलं नाही. मी असाच आहे. शूलिनमध्ये कोणालाही विचार."

त्याने फोन ठेवला. मुलगा चांगला होता. इतकी वर्षं माल तपासला, पण चांगला माल जाणूनबुजून नापास करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

उद्या हा डबा त्या मुलाकडे परत जायचा होता. घरी नेल्यावर तो उघडून पाहणारच. जिनफूने सुईच्या टोकाने गाठ सोडवली, दोरा गुंडाळून खिशात घातला, वायर सरळ केली आणि काळ्या डबीच्या खाचेत खटका वाजेपर्यंत दाबली. मग कॉम्प्युटर चालू केला. चारही पंखे एकदम फिरायला लागले, आवाज असा की कान लावला तरच ऐकू यावा. त्याने कान लावला. काम सुरेख होतं.

मैजू घरी आली ती काळ्याभोर केसांनी. तिने आधी काचेतून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"फिरतायत की."

"फिरतायत."

"मग? काय होतं?"

"काही नव्हतं," जिनफूने कॉम्प्युटर बंद केला. "मी त्याला नको म्हणून कळवलंय. रविवारी कोणी येणार नाही."

मैजूला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने हातातली पिशवी जमिनीवर टाकली.

"कशावरून? काय खोट सापडली?"

"नाही पटला मला."

"अरे पण पंखे फिरतायत!" तिचा आवाज फुटला. "बूट नाही, टाच नाही, पंखेसुद्धा फिरतायत. कसला माणूस आहेस तू? पोरीला म्हातारी करून घरात ठेवायचीय तुला? यूफेन, ऐकतेस ना, तुझ्या बापाने काय केलंय?"

यूफेन दारात आली होती. तिने आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि तोंड उघडलं.

"तू मध्ये पडू नकोस," जिनफू तिच्यावर ओरडला. "कात्री आण. आणि चिकटपट्टी."

मैजू रडत आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून बॅग ओढल्याचा आवाज आला. जिनफूने कॉम्प्युटर उचलून त्याच्या मूळ खोक्यात उतरवला, कोपऱ्यांत थर्माकोल नीट बसवला. यूफेनने खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि त्याने त्यावर पट्टी ओढली.