कोरडं बोट

लॅपटॉपला हात लावायचा म्हणजे केसर आधी साबणाने हात धुवायची, मग लिंबाची फोड चोळायची, मग पुन्हा साबण. शेवटी धुतलेल्या फडक्याने एकेक बोट पुसून खडखडीत कोरडं करायची. लेकीने दिलेली एवढी महागाची वस्तू, तिला मासळीचा हात लावणं म्हणजे पाप, असं तिचं ठाम मत होतं. नवऱ्याला, रघूला, तर तिने लॅपटॉपच्या जवळपास शिंकायचीही बंदी केली होती.

असे हात लखलखीत करून तिने पडद्यावरच्या क्रांतीच्या फोटोवर बोट टेकवलं. काही झालं नाही. जोरात टेकवलं. तरी काही नाही.

"मेला ऐकतच न्हाय," ती म्हणाली.

क्रांती ही दोघांची एकुलती एक लेक, मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खात्यात नोकरीला. होडीच्या इंजिनाला बापाने घातलेल्या शिव्या ऐकत वाढलेली पोर, दुसरं काय करणार? पावसाळ्यात रेवसच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना ती सुट्टीवर आली होती आणि जाताना हा लॅपटॉप ठेवून गेली. आईला मोबाइलवरची बारीक चित्रं दिसत नाहीत, माऊसचा बाण तिच्या हातून निसटतो, म्हणून मुद्दाम बोटाने चालणारा पडदा. "हिरवं दाबलंस की माझं तोंड दिसंल, तांबडं दाबलंस की बंद," एवढीच शिकवणी. तेव्हा तो चालायचाही. केसरने वाडीतल्या बायकांना घरी बोलावून, चहा पाजून, चालवून दाखवला होता.

नारळीपौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या, आणि नंतर हळूहळू पडदा रुसला. मागच्या बंदरातून क्रांतीने फोन केला तेव्हा केसर हिरव्या चित्रावर बोट आपटत राहिली. समोर लेकीचा फोटो हसत होता. रिंग वाजून वाजून थांबली. त्या दिवशी केसर जेवली नाही. रघूच्या बटणांच्या फोनवर मग क्रांतीचा आवाज फुटत फुटत आला, त्यातून एवढंच कळलं की पुढच्या बंदरातून रविवारी संध्याकाळी पुन्हा करीन, आणि तिथून जहाज निघालं की दिवाळी उलटेपर्यंत बोलणं नाही.

आज तो रविवार होता. लेकीचं तोंड बघून केसरला महिने झाले होते, आणि आज हुकलं तर पुढे किती, ते तिला मोजायचंही नव्हतं.

उपाय करायचे राहिले नव्हते. "इंजिन उठलं न्हाय तर बंद करायचं न् परत चालू करायचं," असं म्हणून रघूने ते तीनदा करून बघितलं. खाऱ्या हवेने पडदा चिकटला असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसला, परत कोरडा केला. स्वतःचंही बोट लावून बघितलं, पण जन्मभर दोर ओढलेलं ते बोट, त्याचीही डाळ शिजली नाही. शेवटी काल दोघं लॅपटॉप ओढणीत गुंडाळून अलिबागला मितेशच्या दुकानात गेली. मितेशने एक बोट लावलं आणि पडदा सरसर चालायला लागला. डॉक्टरसमोर नेलं की तापलेलं पोर खेळायला लागतं, तशातली गत.

"मावशी, काहीच बिघाड नाही," मितेश म्हणाला. त्याने पैसेही घेतले नाहीत, त्यामुळे केसरला जास्तच राग आला. घरी आणल्यावर पडदा पुन्हा ढिम्म.

"नीराबाईच्या सुनेला बोलवू काय?" रघूने आता विचारलं. "ती दाबंल हिरवं."

"माझ्या लेकीचा फोन घ्यायला शेजारणीचं बोट आणू?" केसर म्हणाली. पण घड्याळाकडे बघून तिचा स्वर उतरला. "जावा, बोलवा."

रघू गेला. नुसतं बसून राहणं केसरला कधी जमलं नाही. ती मोरीवर ओले बोंबील साफ करायला बसली, आणि पहिलाच हातात घेतला तोच रिंग वाजली. वेळेच्या आधी.

ती तशीच धावली. डाव्या हातात बोंबील, उजवा हात पदराला पुसत. सवयच ती, संकटातही सुटली नाही. कोरडं बोट हिरव्यावर ठेवलं. दाबलं. घासलं. क्रांतीचा फोटो हसतोय आणि रिंग चालूच.

"घे ना रं बाबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, आणि चिडून डाव्या हाताने पडद्याला ढोसलं. बोंबलाचं लिबलिबीत तोंड बरोबर हिरव्या चित्रावर टेकलं.

पडदा उघडला.

"आये," पलीकडून क्रांतीचा आवाज आला, "माझ्यासमोर बोंबील का आलाय?"

केसरने बोंबील खाली केला तेव्हा लेक दिसली. निळ्या डगल्यातली, गालाला काळं लागलेली, पोट धरून हसणारी. मायलेकी एवढ्या हसल्या की दोघींचे डोळे पाणावले, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

"हात दाखव तुझे," क्रांती म्हणाली. केसरने पंजे पुढे धरले. "सोडे घातलेस वाळत?"

"घातले की. रोज पाटीभर कोलंबी सोलते."

"म्हणून. पावसात तुझे हात मऊ झालेले, तवा चालला. आता बर्फ न् मीठ. कोरडं राठ बोट ह्या पडद्याला कळतच न्हाय, आये. जरा पाण्याचं बोट लाव, चालंल."

"आन् मी मेली पुसून पुसून लावत होते."

क्रांती आईच्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने आपलेही पंजे पुढे केले. तेही राठ होते, भेगांत तेल मुरलेलं. केसरला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

रघू एकटाच परत आला, सून घरी नव्हती. पडद्यावर लेक बघून तो दारातच बसला. मग घरचं, होडीचं, जहाजावरच्या बेचव जेवणाचं सगळं बोलून झालं. पलीकडे भोंगा वाजला.

"निघते गो. कट कर," क्रांती म्हणाली. "तांबडं दाब."

केसरने बोंबलाने अजून ओलसर असलेल्या आपल्या बोटांकडे बघितलं. मग पदर घेतला आणि एकेक बोट सावकाश, खडखडीत पुसलं. तांबड्यावर टेकवलं.

"न्हाय चालत," ती म्हणाली.

क्रांतीने बघितलं सगळं. आपले दोन्ही हात तिने डगल्याच्या खिशात घातले.

"माझं बी न्हाय चालत, आये."

रघूने जमिनीवर पडलेला बोंबील उचलला आणि तो धुवायला मोरीकडे गेला.