पेनड्राइव्ह घेऊन ये

बेहाला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझा कॉम्प्युटर जुन्या विंडोजचा आणि बायकोचा, श्यामलाचा, लॅपटॉप नवा. वायफाय एकच, पण दोघं एकमेकांना ओळख दाखवत नव्हते! मंडळाच्या गणपतीचे फोटो न्यायला श्यामला रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह आणि चहा घेऊन माझ्या खोलीत यायची, गप्पा मारत बसायची.

शेवटी मेख सापडली. पासवर्ड नसलेला कॉम्प्युटर नेटवर्कवरून कुणाला आत घेत नाही म्हणे! पासवर्ड घातला, फोटो तिच्या खोलीत उघडले. त्या संध्याकाळी माझ्याकडे कुणी फिरकलं नाही, चहासुद्धा नाही. डोकं सणकलं. गुपचूप पासवर्ड बदलून टाकला.

"अहो, पुन्हा बंद पडलं!"

"या नव्या विंडोजचं काही खरं नाही. पेनड्राइव्ह घेऊन ये."

श्यामला आली. हातात चहाचे दोन कप होते. पेनड्राइव्ह तिने आणलाच नव्हता.