ते माझे डोळे आहेत, सर

मी एक एमआरआयची फिल्म. काळी, गुळगुळीत, वाकवली की खडखडणारी. माझा मुक्काम चिखलीत, गजेंद्रच्या घरी, दारामागच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत. घरी कुणी आलं की मला बाहेर काढतात, खिडकीतल्या उजेडाकडे धरतात आणि पाहणारा च्‌ च्‌ च्‌ करतो. मला वाचण्याचं एक शिक्षण असतं. ते नाही म्हणून आजवर एकही माणूस गप्प बसलेला नाही. दूधवाल्यापासून दूरच्या मामेसासऱ्यापर्यंत सगळ्यांनी माझ्यावर आपलं मत दिलेलं आहे. शेजाऱ्यांनी तर ग्रहण बघायला माझा एक कोपरा कापून मागितला होता. गजेंद्र नाही म्हणाला, म्हणून मी अखंड आहे आणि बोलू शकते.

माझा जन्म अकोल्याच्या एका तपासणी केंद्रात झाला. सुचिता त्या बोगद्यासारख्या यंत्रात डोकं घालून पडली होती. कुणी पत्र्यावर हातोडे हाणावेत तसं यंत्र ओरडत होतं. ‘हलू नका’ असं तिला सांगितलं होतं, ती हलली नाही. कांद्याच्या चकत्या कराव्यात तसे तिच्या मेंदूचे थर एकेका चौकटीत माझ्यावर उमटले. माझ्यात तिचा चेहरा ओळखू येत नाही, पण तिच्याबद्दल खरं बोलणारी त्या घरात तेव्हा मी एकटीच होते.

सुचिता ही गजेंद्रची बायको. एका संस्थेच्या शाळेत ती दहावीला गणित शिकवायची. तुम्ही कुठल्याही शाळेत शिकला असाल तर एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. बाई शब्द अर्धा सोडतात आणि वर्ग तो ओरडून पुरा करतो. “केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराला म्हणतात त्रि...” आणि सगळा वर्ग, “ज्या!” या रीतीनं सुचिताचं आजारपण वर्षभर झाकून ठेवलं. तिचे शब्द हरवायला लागले होते. ती थांबायची, वर्गाला वाटायचं आपली पाळी आली, आणि वर्ग ओरडून शब्द देऊन टाकायचा. पोरं खूश, मुख्याध्यापक खूश, तपासणीला आलेले साहेबसुद्धा म्हणाले, “वर्ग अगदी जिवंत आहे.”

मग एक दिवस तिनं शब्दाचा पहिला तुकडासुद्धा दिला नाही. फळ्यावर वर्तुळ काढलं, मधून काठापर्यंत रेघ ओढली आणि रेघेकडे बोट दाखवून उभी राहिली. वर्ग वाट बघत राहिला. मग मागून कुणीतरी हसलं. त्याआधी तिला एका डोळ्यानं महिनाभर धूसर दिसत होतं, पायाला मुंग्या येत होत्या. ते सगळं घरच्यांनी अशक्तपणाच्या खात्यात टाकलं होतं. वर्गात हसं झाल्यावर मात्र गजेंद्र तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. आपल्याकडे दुखण्यापेक्षा हसं लवकर कळतं.

डॉक्टरांनी मला दिव्यावर लावलं. “मल्टिपल स्क्लेरोसिस,” ते म्हणाले. “मेंदूत हे पांढरे डाग दिसतात ना? शरीराची राखण करणाऱ्या पेशी चुकून आपल्याच नसांवरचं आवरण खातात. तिथे तिथे निरोप अडखळतो.”

गजेंद्रचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. तो म्हणाला, “म्हंजे खारीनं नळीले दात लावल्यावानी? मोटर चालू, पानी बी हाये, पन शेवटच्या झाडापाशी टिपकत टिपकत जाते?”

“अगदी तसंच. पाणी आटलेलं नाही, वाट खराब आहे. यांची बुद्धी जागेवर आहे. विचार करायला वेळ लागेल, शब्द चटकन सापडणार नाहीत, दोन कामं एकदम जमणार नाहीत. दुपारी आणि उन्हात जास्त थकवा येईल. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, यांना होतंय. आजार मुळापासून जात नाही, पण औषधानं आवरता येतो. घाई करू नका, मध्येच बोलू नका, एका वेळी एकच विचारा.”

इतकं साधं सांगितलं होतं. औषध घरच्यांनी न चुकता आणलं. घाई न करणं मात्र कुठल्याच मेडिकलमध्ये मिळालं नाही.

सासूबाई झुंबरबाई मनानं वाईट नाहीत. सूनबाईला कुणी येडी म्हणू नये एवढीच त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी युक्ती काढली, ‘मेंदू’ हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. रोहिणखेडच्या बहिणीला फोनवर त्या म्हणाल्या, “काय सांगू व बाई, सूनबाईले पांढरे डाग निघाले.”

“अगं माय! कुठं व?”

“हायेत आतमंधी. दिसत नाहीत.”

“आज आत हायेत, उद्या बाहीर येतीन! अन्‌ पूनमचं लगन व्हायचं हाये न तुह्या घरी!”

झालं. पूनम ही गजेंद्रची धाकटी बहीण, तिच्यासाठी पिंपळगाव राजाचं स्थळ चालू होतं. सुचिताला कोड फुटलं, ही बातमी तिथं बसपेक्षा लवकर पोचली. कोड झालेल्या माणसानं तरी कुणाचं काय घोडं मारलंय, हा प्रश्न मला पडला. बाकी कुणाला पडला नाही.

मंडळी आली. मुलाची आई तानाबाई आणि मुलाचे काका शेखरराव. हे शेखरराव सुचिताच्या शाळेचे संचालक होते. बघायला आले होते पूनमला, बघत होते सुचिताला. तिनं चहा पुढे केला की मनगटाकडे, वाकली की मानेकडे.

“लय गरमी हाये व सूनबाई,” तानाबाई म्हणाली. “बाह्या वर करून बस ना जराशी.”

सुचिताला डाव ओळखायला वेळ लागला. मग तिनं सावकाश दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या, हात तानाबाईच्या नाकासमोर उलटसुलट करून दाखवले आणि म्हणाली, “पाठ बी दाखवू का, मावशी?”

झुंबरबाईंना ते सहन झालं नाही. “अवं बाई, अंगावर नाहीत डाग! मेंदूत हायेत, मेंदूत! खोटं वाटत असन तं हे पाहा!” आणि मला पिशवीतून ओढून त्यांनी खिडकीवर धरलं.

तानाबाईचा जीव भांड्यात पडला. “डोक्यात हायेत व्हय! मंग आमची काई हरकत नाही. आमाले वाटलं कोड हाये.”

शेखररावांनी मात्र कप खाली ठेवला. “ह्या आपल्या शायेत दहावीले गणित शिकवतात न?” त्यांनी विचारलं. सुचिता समोर बसली होती, पण विचारलं गजेंद्रला.

पुढच्या आठवड्यात सुचिताला सांगण्यात आलं की दहावीऐवजी तिनं ग्रंथालय सांभाळावं. आमच्या भागात ग्रंथालय सांभाळणं म्हणजे कुलूप सांभाळणं. पगार तोच होता, मानही वरवर तोच. पण तिला दहावीचा वर्गच हवा होता. गजेंद्र म्हणाला, “जाऊ दे ना, आराम पडन तुले.” ती पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मले आराम नाही पाहिजे. पहिला तास पाहिजे. सकाळी डोकं चालते माहं. तेवढाच मागून राह्यली.” आणि मला काखेत घेऊन ती शाळेत गेली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत शेखरराव होते. सुचिताची मैत्रीण, उर्दू शिकवणारी मदिहा मॅडमही तिच्याबरोबर आत आली. मुख्याध्यापकांनी मला आधी उलटं धरलं, मग सुलटं, आणि त्यांचा चेहरा पडला. खालच्या चौकटीतल्या दोन मोठ्या पांढऱ्याशुभ्र गोलांवर बोट ठेवून ते म्हणाले, “बाप रे! एवढे मोठे डाग? आणि तुम्ही वर्ग मागताय?”

सुचिता बघत राहिली. शब्द निघाला होता, वाटेत होता. मुख्याध्यापकांनी शेखररावांकडे असं पाहिलं, की बघा, आहे का उत्तर?

“ते... ते माझे डोळे आहेत, सर.”

मदिहा मॅडमनं पदर तोंडाला लावला. मुख्याध्यापक लाजले असतील असं तुम्हाला वाटेल. पदावरचा माणूस लाजत नाही, परीक्षा घेतो.

“ठीक आहे. अठरा सक?”

सुचितानं ओठ हलवले.

“सोडा. तेवीस आणि एकोणपन्नास?”

“सर, एकेक विचा...”

“एकशे चव्वेचाळीसचं वर्गमूळ?”

“एकशे आठ,” सुचिता म्हणाली.

“एकशे चव्वेचाळीसचं वर्गमूळ एकशे आठ!” मुख्याध्यापकांनी हात टेबलावर आपटला. “साहेब, मी काय म्हणत होतो?”

“सर, तो पहिल्या सवालाचा जवाब आहे,” मदिहा मॅडम म्हणाली. “अठरा सक एकशे आठ. तुम्ही रुकलेच नाही ना.”

“बहात्तर,” सुचिता म्हणाली. क्षणभर थांबून, “बारा.”

तिन्ही उत्तरं बरोबर, आणि रांगेत. एक प्रश्न पुरा पोचायच्या आत दुसरा ढकलायचा, मग तिसरा, आणि गोंधळ झाला की म्हणायचं, हिचं डोकं गेलं! मला हात असते तर त्या टेबलावर मीही एक आपटला असता. हिचा निरोप कुठे अडखळतो ते मी दाखवते, चौकटीनिशी. तुमची घाई कुठून येते ते कुठल्या यंत्रात दिसतं? मुख्याध्यापक म्हणाले, “उत्तरं आली हे मान्य, पण बोर्डाच्या परीक्षेत वेळेला महत्त्व असतं.” जणू परीक्षेला बाई बसणार होत्या. ग्रंथालयाची किल्ली तिच्या हातावर ठेवली गेली.

इकडे पिंपळगाव राजाहून होकार आला. मंडळी पूनमची पसंती विचारायला पुन्हा आली. सुचिता आतल्या दाराशी उभी होती.

“बोल ना व पोरी, मुलगा पसंत हाये न?” तानाबाईनं विचारलं.

पूनम काहीच बोलली नाही. खाली बघत राहिली. झुंबरबाई कासावीस झाल्या. पण तानाबाईच्या डोळ्यांत कौतुक दाटलं. “पाहा, कशी थांबून राह्यली. लाजाळू हाये. आताच्या पोरी तं विचारायच्या आधी फटकन बोलतात.” शेखररावांनीही मान डोलावली. “विचार करून बोलणारं माणूस पाहिजे घरात.”

पूनमनं मान वर केली.

“काका, मी थांबली तं संस्कार झाले. माही वहिनी थांबते तं तिचा वर्ग काढून हातात किल्ली देता. उद्या तुमच्या घरी मी अशीच थांबली, तं त्याले काय म्हनसान? नाही पसंत मले.”

झुंबरबाईंच्या हातातली ताटली खाली आली. तानाबाई “बाप्पा बाप्पा!” करत उठली. शेखरराव मात्र उठले नाहीत. ते आतल्या दाराकडे बघत बसले. सुचिता काही म्हणेल असं त्यांना वाटत होतं. ती म्हणायच्या बेतात होतीही. पण ते पहिल्यांदाच गप्प बसले होते, आणि तिनं त्यांना तसं बसू दिलं.

शाळेनं चूक झाली असं कुठेही म्हटलं नाही. ‘प्रशासकीय सोयीसाठी’ दहावीचा पहिला तास, फक्त भूमितीचा, सुचिताला परत मिळाला. बीजगणित दुसऱ्याकडेच राहिलं. अर्धा न्याय देण्यात आमची माणसं फार तरबेज. तिनं तो घेतला, आणि वर्गाची जुनी रीत पहिल्याच दिवशी बंद केली. “माझा शब्द पुरा करायचा नाही,” तिनं पोरांना बजावलं. “मी शोधून आणीन.”

परवा तिनं मला वर्गात नेऊन खिडकीला चिकटवलं. उन्हात माझ्या चौकटी उजळल्या. फळ्यावर वर्तुळ होतं, त्यात मधून काठापर्यंत ओढलेली रेघ होती, आणि रेघेपाशी बोट ठेवून ती थांबली होती. सगळ्या वर्गाला तो शब्द येत होता. ओठावर आला होता. कुणीही बोललं नाही.

“त्रिज्या,” सुचिता म्हणाली आणि पुढच्या रेघेकडे वळली.

पुढच्या तपासणीत माझी धाकटी बहीण जन्माला येईल. तिच्यावर डाग वाढलेले असतील किंवा नसतील, मला ठाऊक नाही. तिला दारामागं टांगा, हवं तर पाहुण्यांना दाखवा. पण उजेडाकडे धराल तेव्हा डाग मोजत बसू नका. मोजून माणूस कळत नाही; बुद्धी जागेवर आहे, हे डॉक्टरांनी माझ्यावरचे डाग पाहूनच सांगितलं होतं. आधी ते दोन मोठे पांढरे गोल शोधा. तिथून सुचिता तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही काहीतरी विचारलं होतं ना? मग आता जरा थांबा की.