नीलाचं पान

रुक्मिणीमावशीला, म्हणजे आमच्या घरमालकिणीला, वाचता येत नव्हतं, आणि खरं सांगते, त्याचा मला फार आधार होता. गावाहून माझ्या दिरांची कार्डं यायची, वरती ठसठशीत 'जय भीम' लिहिलेलं. आबा दुपारचे मळ्यात असायचे, म्हणून पोस्टमन कार्ड मावशीच्या हातात द्यायचा. मावशी ते पदराला पुसून मला आणून द्यायची आणि म्हणायची, "वाच गं सरू, समदी बरी हायेत न्हवं?" मी मोठ्यानं वाचायचे, वरची ओळ सोडून.

रहाटणीत ही खोली मिळाली तेव्हा घरमालकांनी, म्हणजे दौलतआबांनी, फक्त आडनाव विचारलं होतं. ह्यांनी सांगितलं, गायकवाड. "मंग आपल्यातलंच की," आबा म्हणाले आणि किल्ली काढून दिली. हे गप्प राहिले, मीही गप्प राहिले. त्याआधी काळेवाडीपासून सौदागर गावापर्यंत ज्यांना ज्यांना खरं सांगितलं, त्या सगळ्यांच्या खोल्या नेमक्या आदल्याच दिवशी गेलेल्या होत्या. लबाडी म्हणायची तर म्हणा. सात महिन्यांचं पोट घेऊन उन्हातान्हात दारं ठोठावून बघा, आणि मग मला शिकवायला या.

तर बाबासाहेबांचा फोटो पेटीत गेला, साड्यांच्या खाली. ह्यांना कंपनीत सुट्टी असली की संध्याकाळी दार लावायचं, फोटो काढायचा, मेणबत्ती लावायची, हात जोडायचे, आणि पुन्हा पेटी बंद. नीला बोलायला लागली तसं तिला बजावलं, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नीला जन्मली ती सुईण पोचायच्या आधी, मावशीच्याच हातात. माझी आई नव्हती, सासू गावाकडं. मावशीनं तिला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली. पोर चालायला लागली ती मावशीच्या ओट्याला धरून. आबांचा नातू सुरेंद्र आणि ती एका ताटात जेवायची. दोघं तिसरीत गेली तोवर मीच विसरायला लागले होते की आपण काही लपवतोय.

आणि मग शाळेत अरुंधतीबाई आल्या.

संत तुकाराम नगरातून बसनं यायच्या, खांद्याला शबनम, शबनममध्ये चित्रांची पुस्तकं. दर शनिवारी त्या सगळ्या पोरांना गोल बसवून एक पुस्तक उघडायच्या. कधी बर्फातलं घर, कधी बोटीत राहणारी माणसं, कधी लाकडाच्या खांबांवर उभं गाव. नीला घरी येऊन इतकं बोलायची की भाकरी करपायची माझी. एकदा पुस्तकात काळ्याभोर मुलीचं चित्र होतं, आफ्रिकेतली. सुरेंद्र खुदकन हसला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हिच्या घरात तुझ्या घरातलं काही दिसतंय का बघ बरं." सुरेंद्रनं बघितलं बघितलं आणि म्हणाला, "आमच्या आजीचं उखळ आहे." मग कुणी हसलं नाही म्हणे.

मला बाई आवडत होत्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना फार बोललेय.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बाईंनी सांगितलं, आता आपलंच पुस्तक करू. प्रत्येकानं एक पान काढायचं, आमचं घर. घरात जे सगळ्यांत छान असतं ते काढायचं. जाड कागद दिले, रंगीत खडू दिले, पानांना भोकं पाडून दोरीनं बांधलं. आणि ते पुस्तक रोज एका पोराच्या घरी मुक्कामाला पाठवायचं ठरवलं, आईवडिलांनी, आजीआजोबांनी बघावं म्हणून. आमच्या घरी ते अजून यायचं होतं.

त्या दिवशी हे दुसऱ्या पाळीला गेलेले. मी तांदूळ निवडत होते. नीला म्हणाली, "आज आमचं पुस्तक सुरेंद्रकडं आलंय."

"बरं. तू काय काढलंस गं त्यात?"

"पेटी काढली. आणि तू, पप्पा, मी. मेणबत्ती. आणि बाबासाहेब, निळ्या कोटात. बाई म्हणाल्या, माझं पान सगळ्यांत छान आहे."

मी सूप बाजूला ठेवलं. "तुला सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

"मी कुठं सांगितलं?" पोरगी म्हणाली. "मी काढलं."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मला तिला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. त्याच वर्षी पावसाळ्यात मराठवाड्यात नामांतरावरून आमच्या लोकांची घरं जळाली होती. दिरांच्या वस्तीतली माणसं शेतात लपून राहिली होती. इथं कुणी जाळणार नाही, एवढं मला कळत होतं. इथं फक्त किल्ली मागून घेतील. पण मग कुठं जायचं? पुन्हा ती दारं, पुन्हा ते 'कालच दिली हो'.

विरजणाचं निमित्त करून वाटी घेतली आणि मावशीच्या अंगणात गेले. दिवे लागलेले. आबा बाजेवर बसलेले, मांडीवर ते पुस्तक, शेजारी सुरेंद्र. आबा एकेक पान उलटत होते. मी बाजेमागं उभी राहिले.

"ह्ये कुनाचं?"

"श्यामचं. त्यांची सायकल आहे."

"आन ह्ये?"

"पद्माचं. हा त्यांचा रेडिओ."

आबांनी अंगठा थुंकीनं ओला केला आणि पान उलटलं. पुढं सुरेंद्रचं स्वतःचं पान होतं, बैलांचं. सुरेंद्र म्हणाला, "आबा, ह्याच्या आधी नीलाचं पान होतं." मीही बघितलं. दोरीत कागदाचा फाटका तुकडा तेवढा अडकलेला होता.

"फाडलं आसंल कुनी कार्ट्यानं," आबा म्हणाले. "बैल झ्याक काढलेत रं."

मावशी चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. वाटी माझ्या हातातून घेतली, विरजण घातलं, परत दिली. "जा," एवढंच म्हणाली.

खोलीत आल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मावशी देव आहे, असं मी स्वतःशी म्हणाले. आम्ही देव मानत नाही, तरी म्हणाले.

सकाळी आबा मळ्यात गेल्यावर मी तिच्याकडं गेले. पाया पडायला वाकणार, तोच ती दोन पावलं मागं सरली.

"म्या चुलीत घातलं त्ये," ती म्हणाली. "पोराच्या हातनं घेऊन बघत हुते. वळखलं म्या लगीच. त्यो फोटू समद्यास्नी ठावं हाय."

"मावशी, आम्ही—"

"मालकाला ठाव न्हाई, आन व्हनार बी न्हाई. तुमी ऱ्हावा. कुटं जाल लेकराला घिऊन?" तिचे डोळे भरले होते. "माज्या हातावर जलमली ती पोर. तवा सांगाया काय झालतं गं तुला?"

तिचं रडणं खोटं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. तवा सांगितलं असतं तर तिनं नीलाला हातावर घेतलं असतं का? हे मला विचारायचं होतं. नाही विचारलं. खोली शाबूत राहिली की तोंडाला आपोआप कुलूप लागतं.

दुपारी शाळा सुटल्यावर बाईच आल्या, नीलाचा हात धरून. नीलाचे गाल फुगलेले. मी त्यांना अंगणात जोत्यावर बसवलं.

"नीलाचं पान कुणीतरी फाडलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला फार वाईट वाटलं. तिच्याकडून पुन्हा काढून घेऊ या. उद्या वर्गात त्यावर बोलणारच आहे मी. मुलांना कळलंच पाहिजे."

"नको बाई. राहू द्या ते."

"तुम्ही घाबरू नका. असं दबून राहिलं तर—"

मग मात्र माझा तोल गेला. आवाज खाली ठेवूनच, पण गेला. "बाई, तुमची पुस्तकं लई चांगली. पण ती बर्फातली माणसं बर्फात राहतात, आम्ही दौलतआबांच्या खोलीत राहतो. त्या माणसांचं घर कुणी काढून घेणार नाहीये पान बघून. तुम्ही ते पुस्तक घरोघरी पाठवलंत, तेव्हा ह्या घरात ते कोण उघडेल ह्याचा विचार केलात?"

बाईंचा चेहरा उतरला. "नाही केला," त्या म्हणाल्या.

"तुमच्या संत तुकाराम नगरात मिळेल का आम्हाला खोली? आधी जात सांगून? तुमच्या शेजारी?"

"अवघड आहे," त्या म्हणाल्या. बाई खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

एवढ्यात मावशी बाहेर आली. शाळेच्या बाई दारात आल्यात म्हटल्यावर ती कशी आत बसेल? तिच्या हातात पाण्याचा तांब्या आणि पेला होता. पेला भरून तिनं बाईंच्या हातात दिला. "घ्या बाई, उनातनं आलाय."

नीला उठली. रोज स्वतःच्या हातानं मावशीच्या माठात पेला बुडवून पाणी घेणारी पोर ती. "आजी, मला पण," म्हणत ती दुसऱ्या पेल्यासाठी स्वयंपाकघराकडं निघाली.

मावशी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आत नगं जाऊस बाळा. म्या देते की. हितंच बस. वंजळ कर."

"ओंजळ?"

"व्हय. अशी."

नीलानं ओंजळ केली. मावशीनं तांब्या उंच धरला, तिच्या हाताला कुठं लागणार नाही इतका उंच, आणि धार सोडली. पाणी नीलाच्या नाकावर उडालं, गळ्यात गेलं, फ्रॉक भिजला. फुगलेली पोरगी खळखळून हसायला लागली.

"आजी, अजून! अजून वरून!"

मावशी ओततच होती. तिची नजर नीलाच्या ओंजळीवर होती, माझ्याकडं तिनं बघितलं नाही. बाई हातातला पेला घेऊन तशाच बसल्या होत्या. तो पिता येईना आणि खालीही ठेवता येईना. मी नीलाचा दंड धरला आणि तिला खोलीत नेलं. फ्रॉक बदलताना ती विचारत होती, आजी उद्या पण असंच पाणी देईल का?

हे पाळीवरून मध्यरात्रीनंतर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठल्यावर मी चहा दिला आणि सगळं सांगितलं. ह्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हणजे आबांना माहीत नाही. मावशी राहा म्हणतायत. मग झालं तर. पाण्याचं काय, आपण आपलं भरू."

"खोली बघा दुसरी," मी म्हणाले. "आणि ह्या खेपेला आडनावाच्या आधी जात सांगा."

"सरू, वेड लागलंय का तुला? कोण देणार? झोपडीत राहायला लागेल."

"राहू."

"मावशीनं वाचवलं आपल्याला, आणि तू तिच्यावरच—"

"मावशीवर मी रागावले नाही," मी म्हणाले. हे खोटं होतं, पण आमच्या दोघांपुरतं ते चाललं. "नीला काल वरून पाणी प्यायली. हिला मजा वाटली. आज सकाळी उठल्या उठल्या ओंजळ करून मावशीच्या दारात जाऊन बसलीय. उठा, बघा जाऊन."

हे उठले. दारापर्यंत गेले, बाहेर बघितलं, आणि तिथंच उभे राहिले. बाहेर नीला हसत होती. मग ह्यांनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, आणि रात्रीची झोप पुरी झालेली नसताना खोली बघायला निघाले.