पाण्यापाशी नाव घ्यायचं नाही

रविवारी तलावावर जायचं ठरलं तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, "पाण्यापाशी लेकराचं नाव घ्यायचं न्हाय. आसरा ऐकत्यात. मग त्याच हाक मारत्यात." पाण्यातल्या या देवींवर माझा विश्वास नाही, मी एम.एस्सी. झालेय. पण चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पैज कोण लावणार? तिथं पोचल्यापासून आम्ही आरोहीला 'धोंडे' म्हणत होतो. माझ्या नवऱ्याला, शिवराजला, मजा वाटत होती. काय धोंडे, भाकरी घेणार का? पोरगी गाल फुगवून बसायची, ओ द्यायची नाही.

मी पाण्याकडे तोंड करूनच बसले होते. काठाला कठडा नाही, पायऱ्यांवर शेवाळ, पायडलच्या बोटी नुसत्या दोरीनं खुंटाला बांधलेल्या. शिवराजला दाखवलं तर म्हणाला, तुला घरच्या बादलीचीपण भीती वाटते.

दुपारी मी शेंगाचटणीचा डबा उघडत होते. तो तिला बदकं दाखवायला घेऊन गेला आणि फोन कानाला लावून एकटाच परत आला. त्याला वाटलं, ती आमच्याकडे पळाली.

झोपाळे, घसरगुंडी, आईस्क्रीमची गाडी. सगळीकडे "धोंडे, ए धोंडे" करत धावलो. लोक वळून हसत होते. वॉचमननं भोंग्यावरून पुकारायला नाव विचारलं, तर सासूबाईच मधे पडल्या. निळा फ्रॉक म्हना, चार वर्साची पोर म्हना. मीही मान डोलावली. निळा फ्रॉक, निळा फ्रॉक, असं सगळ्या बागेत घुमत राहिलं.

मग मला राहवलं नाही. काठावर जाऊन मी गळा फाटेस्तोवर ओरडले, "आरोही!"

ती लगेच उठून उभी राहिली. हंसाच्या आकाराच्या एका बोटीत, सीटखाली दडून बसली होती. दोर सुटून बोट बरीच आत गेलेली. इतका वेळ रुसलेली, माझी हाक ऐकून हसली. घराच्या पायरीवरून उतरावं तसा तिनं माझ्याकडे यायला पाय टाकला.

बोटी सांभाळणारे मकदूमचाचा कपड्यांनिशी पाण्यात शिरले. पाणी गढूळ. एकदा रिकाम्या हातांनी वर आले, परत बुडी मारली. तिला आणून काठावर निजवलं आणि छाती दाबायला लागले.

"नाव घेऊन हाका मार बेटी," ते मला म्हणाले. "थांबू नको."

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. शिवराज ॲम्ब्युलन्सवाल्याला तोच तोच पत्ता सांगत होता. सासूबाई चिखलात बसल्या, तिच्या कानाशी वाकल्या.

"आरोही," त्या म्हणाल्या. "आरोही, ऊठ गं बाई."

पोर हलली नाही. मकदूमचाचांनी हात थांबवले नव्हते.

"अजून," ते म्हणाले.