सोबत वाचणारे त्रेचाळीस जण

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. कुठल्या मोठ्या कारखान्याचे नाव मला लावता येत नाही. सलातिगा गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात तीन मोडक्या संगणकांचे धड भाग काढून मला जोडले. पडदा एका बंद पडलेल्या शाळेचा, पेटी कुणा वकिलाची. कळफलकावरची निम्मी अक्षरे आधीच पुसली गेली होती. मेरबाबू डोंगरावरून धुके उतरले की माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायचा.

मला घरी नेले पाक विदाग्दो यांनी. आमच्याकडे थोरल्या पुरुषाला मानाने 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. एकतीस वर्षे ते एका दैनिकात मुद्रितशोधक होते. बातमी छापली जाण्याआधी तिच्यातल्या चुका पकडणे हे त्यांचे काम. मग दैनिकाची छपाई थांबली आणि पाक घरी बसले. एका छापखान्याची लग्नपत्रिकांची आणि शाळांच्या वार्षिकांची मुद्रिते ते तपासून द्यायचे, पण सकाळी बातमी वाचल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे. म्हणून मी आलो.

त्यांच्या पत्नीला, बू पार्तिनींना, माझा फारसा लोभ नव्हता. मोगऱ्याचा चहा माझ्या शेजारी ठेवताना त्या म्हणायच्या, "ह्याला जपता तेवढं गुडघ्यांना जपा." पाक हसायचे आणि वाचत राहायचे. चूक दिसली की पडद्यावरच बोट आपटायचे. माझ्या काचेवर त्या बोटाचे कितीतरी ठसे असत. ते माझे कौतुकाचे दिवस होते. शेजारपाजारचे लोक अर्ज टंकायला यायचे आणि पाक मला अभिमानाने पुसून ठेवायचे.

एका पावसाळ्यात पाकच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. कप बशीवर वाजायचा. बू बाजारात गेल्या की ते माझ्यासमोर बसायचे आणि एका मोठ्या, फुकट वाचायच्या बातमीस्थळावर आरोग्याचे पान उघडायचे. 'हात थरथरतो तेव्हा' असा लेख होता. तो त्यांनी तीन सकाळी वाचला. एकदा शेवटपर्यंत वाचून पुन्हा पहिल्या ओळीवर आले आणि बराच वेळ तिथेच थांबले. ते डॉक्टरकडे गेले नव्हते. कोणाला बोललेही नव्हते.

मित्रांनो, मला तेव्हा जे थांबवता आले नाही, ते सांगतो. त्या पानाबरोबर माझ्यात कितीतरी बारीक खुणा येऊन बसल्या. ह्या माणसाने काय वाचले, किती वेळ वाचले, कुठे थांबला, हे त्या आपापल्या धन्याला, म्हणजे जाहिरातवाल्यांना, कळवत होत्या. मी निरोप नेणारा नव्हतो, पण निरोप माझ्यातूनच गेले.

चौथ्या दिवशी शेजारच्या खानावळीच्या बू जुमिरा अर्ज टंकायला आल्या. पाकनी त्यांना खुर्ची दिली. जुमिरांनी आधी बातम्यांचे पान उघडले, तर डाव्या बाजूला कंपवाताच्या गोळ्या, उजव्या बाजूला चाकांची खुर्ची, आणि खाली अंत्यविधीच्या विम्याची जाहिरात.

"पाक, कंपवात कोणाला झालाय घरात?" त्यांनी विचारले.

"कोणाला नाही. चुकून आलंय."

"चुकून तीन-तीन येतात होय?" असे म्हणून त्यांची नजर पाकच्या हाताकडे गेली. पाकनी हात लुंगीसारख्या सारोंगच्या घडीत लपवला.

जुमिरा वाईट बाई नव्हत्या. पण त्यांच्या खानावळीत भाताबरोबर बातमीही वाढली जाई. दोन दिवसांनी बू पार्तिनी सोयाबीनच्या तेंपेची पुडकी घेऊन घरी आल्या, ती खाली ठेवली आणि खांद्यावरची ओढणी न सावरता सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जुमिरा विचारत होती, औषध सुरू केलं का म्हणून. भाजीवाली म्हणाली, बसवून खायला घालावं लागेल आता. मी म्हटलं, कोणाला?" त्यांचा आवाज चढला नाही. "मला नाही सांगितलंत. ह्या डब्याला सांगितलंत."

"मी कोणालाच सांगितलं नाही," पाक म्हणाले. "मी नुसतं वाचत होतो."

"मग जुमिराला कोणी सांगितलं?"

उत्तर माझ्याकडे होते, पण मला तोंड नव्हते. त्या दोघांच्या चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट पाकनी आपल्या तोंडाने, आपल्या वेळी सांगायची होती. ती वेळ कोणीतरी काढून घेतली होती. पुढच्या आठवड्यात छापखान्याकडून मुद्रितांचे पाकीट आले नाही. मालकाने निरोप पाठवला, "आता आराम करा पाक, डोळ्यांना आणि हाताला." डॉक्टरांनी नंतर तेच नाव घेतले, जे जाहिरातीने आधीच घेतले होते.

कित्येक दिवस माझ्यावर कापड पडून होते. ते काढले पाकच्या पुतणीने. तिचे नाव वेनिंग. थोरल्या काकांना ती 'पाकदे' म्हणे आणि काकूंना 'बुदे'. सेमारांग शहरात संगणकाचे काम करायची आणि ईदला आली होती. सगळे ऐकून तिने तेच आरोग्याचे पान उघडले.

"पाकदे, हा लेख वाचताना तुमच्याबरोबर अजून किती जण वाचत होते, मोजू?"

ती त्या पानावरचे माग काढणारे एकेक करून मोजत गेली. त्रेचाळीस.

"आमच्या अख्ख्या संपादकखात्यात एवढे लोक नव्हते," पाक म्हणाले. मग म्हणाले, "आणि त्यातल्या एकानंही लेखातली चूक धरली नाही."

बू पार्तिनी दारात उभ्या होत्या. त्या महिन्यात त्या पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता ओढणी डोळ्यांना लावून आत गेल्या.

वेनिंगने माझ्यातल्या खुणा झाडून काढल्या, पुढच्या खुणांना अडवणारी जाळी बसवली आणि ती परत गेली. पाकनी मात्र तेवढ्यावर सोडले नाही. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि बातमीस्थळांची मुद्रिते तपासावीत तशी ती तपासायला बसले. बातमीखाली लिहिणाऱ्याचे नाव आहे का? चूक झाली तर ते कबूल करतात का, की गुपचूप बदलतात? नाव-गाव न देता वाचता येते का? 'माझा माग काढू नका' असे सांगितल्यावरही पान उघडते का? वाचकाची माहिती कोणाला देतात, ते ज्या लांबलचक पानावर दडवलेले असते, ते पाक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. आयुष्यभर जे कोणी वाचत नाही ते वाचण्याचीच त्यांची नोकरी होती. एका ठिकाणी 'आमचे विश्वासू सहकारी' म्हणून आठशे नावे निघाली. पाकनी वहीत लिहिले, 'एवढे विश्वासू माझ्या लग्नातही नव्हते,' आणि ते स्थळ खोडले. एक स्थळ वाचकाचे काहीच विचारत नसे, पण बातम्या ऐकीव. तेही खोडले. एकाच्या बातम्या नमुनेदार, पण दाराशीच जन्मतारीख मागायचे. त्यावर पेन्सिल बराच वेळ थांबली, मग तेही गेले.

चार महिन्यांनी वहीत तीन नावे उरली. त्यातले पाकचे लाडके होते 'लेरेंग'. एका डोंगरी गावातले सहा जण मिळून ते चालवत. दिवसाला चारच बातम्या, आणि तळाशी 'आमच्या चुका' असे रोजचे सदर. पाकनी एका खेड्याच्या नावातली चूक नाव न देता कळवली. दुसऱ्या दिवशी सदरात छापून आले, 'एका वाचकाने दाखवून दिले. तो वाचक कोण, हे आम्हांला ठाऊक नाही. त्याचे आभार.' पाकनी ती ओळ बूंना दोनदा वाचून दाखवली.

एका दुपारी बू जुमिरा दारात आल्या. हातात केळीच्या पानात बांधलेला गोड भात होता. बराच वेळ पावसाबद्दल बोलून झाल्यावर म्हणाल्या, "पाक, मला एक वाचायचं होतं. पण कोणाला कळायला नको."

बू पार्तिनींनी नवऱ्याकडे पाहिले. पाक उठले. थरथरत्या हाताने त्यांनी माझ्यातल्या खुणा पुसल्या, वहीतले एक नाव उघडून दिले आणि काठी घेऊन ओसरीकडे निघाले.

"काय वाचायचंय ते विचारणार नाही तुम्ही?" जुमिरांनी विचारले.

"नाही."

"आणि मी जे केलं, त्याबद्दल?"

"वाचून झालं की हे बटण दाबा," पाक म्हणाले. "म्हणजे मलाही कळणार नाही."

जुमिरा तासभर वाचत होत्या. मध्येच त्या रडल्या. काय वाचले, ते मीही तुम्हांला सांगणार नाही.

पुढच्या वर्षी 'लेरेंग' बंद पडले. वाचक पुरेसे जमले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी लिहिले, 'तुमच्यापैकी कोणाचेही नाव आम्ही ठेवले नाही, म्हणून कोणाचा वेगळा निरोप घेता येत नाही.' पाकनी ते वाचले आणि मला बंद केले. नंतर त्यांच्याने माझा माऊस धरवेना. बू पार्तिनी शेजारी बसून वाचून दाखवू लागल्या. अडखळल्या की ते डोळे मिटूनच शब्द सुधारायचे. मग सुधारणे थांबले. मागच्या सफर ह्या इस्लामी महिन्यात पाक गेले.

आता मी मागच्या खोलीत तांदळाच्या डब्यांशेजारी आहे. माझ्या आतल्या प्रणालीसाठी नव्या दुरुस्त्या येत नाहीत, पडद्याचा कोपरा काळवंडला आहे. उद्या भंगारवाला येणार आहे. आज वेनिंग आली तेव्हा बू म्हणाल्या, "नेऊ दे. पण आधी ह्याच्यातलं सगळं पुसून टाक. ते काय वाचायचे, हे कोणाच्या हाती लागायला नको."

"आठवण म्हणून काही ठेवायचं का, बुदे?"

"मी आहे ना," बू म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणीतरी असेल. त्याच्यासमोर तुमची माणसे आपली भीती, आपले आजार, आपले प्रश्न घेऊन बसतात. काय वाचता ते निवडून वाचा, आणि तुमच्यासोबत अजून कोण वाचते आहे तेही बघा. जे थोडे लोक खरी बातमी देतात आणि तुमच्या मागे माणूस लावत नाहीत, त्यांना एकटे पाडू नका. आणि कोणी शेजारी बसून वाचत असेल, तर उठून ओसरीवर जा.

वेनिंगने काम सुरू केले आहे. जुनी पाने एकेक करून जात आहेत. तो आरोग्याचा लेख गेला. खेड्याच्या नावातली चूक कळवणारे पाकचे पत्र गेले. थोड्या वेळाने मला त्यांचे नावही सांगता येणार नाही. मी त्यांच्यासाठी एवढेच करू शकतो, आणि ते मी नीट करतो आहे.